अनुभव धागा: आयटीआयपासून एमआयडीसीपर्यंत, खानदेशातील उमेदवारी

जळगावचे ठिबक, पाइप व चटईचे कारखाने, डाळमिल, भुसावळची रेल्वे आणि शिरपूरचा वस्त्रोद्योग यांना हातात कसब असलेली माणसे लागतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत, तरीही आपली अनेक मुले पुण्याची नाहीतर सुरतेची वाट धरतात. उमेदवारीत, म्हणजे कारखान्यात काम करत शिकण्याच्या काळात, संस्था आणि कारखाना एकत्र आल्यावर प्रत्यक्ष काय शिकायला मिळाले, हे ज्यांनी अनुभवले त्यांनी सविस्तर लिहावे. तक्रार असल्यास कारखान्याचे नाव टाळावे, ही विनंती.

माजी शिकाऊ उमेदवार (फिटर), जळगाव

आयटीआयची दोन वर्षे संपवून मी नळ्यांच्या एका कारखान्यात उमेदवारीला लागलो. पहिले चार महिने नळीची वेटोळी गोदामात रचण्यापलीकडे मला काम नव्हते. विद्यावेतन वेळेवर मिळत होते, पण पाना एकदाही हाती आला नाही. पाचव्या महिन्यात पाळी बदलली आणि मी एका जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली आलो. त्यांना सगळे दादा म्हणत. पहिल्याच रात्री त्यांनी चालू एक्स्ट्रूडरवरून, म्हणजे वितळलेले प्लास्टिक डाय नावाच्या साच्यातून दाबून नळी काढणाऱ्या यंत्रावरून, नळीचा तुकडा कापून दिला आणि मायक्रोमीटरने त्याची जाडी चारही बाजूंनी मोजायला लावली. एका बाजूला ती कमी भरली. “आता सांग, डायचा कोणता बोल्ट फिरवशील?” असे त्यांनी विचारले, आणि मला उत्तर आले नाही. तेव्हा त्यांनी मला डायसमोर उभे केले: एक बोल्ट किंचित सैल करायचा, समोरचा तेवढाच आवळायचा, नळी थंड होऊन पुढे येईपर्यंत थांबायचे आणि पुन्हा मोजायचे. मायक्रोमीटरचे लघुतम माप, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान अंतर, ०.०१ मिलिमीटर असते, हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. ते कशासाठी लागते हे त्या रात्री उमगले. दादा भेटले नसते, तर माझे ते वर्ष गोदामातच गेले असते.

शिल्पनिदेशक (आयटीआयमधील शिक्षक), धुळे जिल्हा

वरील अनुभव वाचून वाईट वाटले, कारण असे विद्यार्थी मीही पाठवले आहेत. ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे आहेत, तिने मनुष्यबळाच्या किमान २.५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, त्यामुळे जागा निघतात. मात्र कागदावर जागा भरली म्हणजे शिकवणे झाले, असे होत नाही. आता मी कारखान्यात जातो तेव्हा उमेदवार कोणाच्या हाताखाली राहील, त्या कारागिराचे नाव आधी विचारतो आणि महिन्यातून एकदा त्यालाच भेटून येतो. नाव मिळाले नाही, तर तेथे विद्यार्थी पाठवण्याची मला घाई नसते.

चटई उत्पादक, जळगाव एमआयडीसी

आमच्याकडे ३० पेक्षा कमी माणसे आहेत, म्हणजे आम्हाला सक्ती नाही. तरी मी इलेक्ट्रिशियनचे दोन उमेदवार घेतले. कुशल कारागीर रोज तासभर शिकवण्यात गुंतला की तेवढे उत्पादन घटते, हे उद्योजकाच्या बाजूनेही समजून घ्यावे. वर्षानंतर एक मुलगा जास्त पगारावर दुसरीकडे गेला, याचे दुःख झाले. दुसरा आजही आहे, आणि माग बंद पडला तर बाहेरच्या मेकॅनिकची वाट पाहावी लागत नाही.

बारावी उत्तीर्ण, नंदुरबार जिल्हा

२०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत मला महिना ६,००० रुपयांवर एका कार्यालयात प्रशिक्षण मिळाले. संगणकावर नोंदी करायला शिकले, ते उपयोगी पडले. पाड्यावरून येण्याजाण्यातच दिवसाचे तीन तास जात, आणि सोबतच्या एका मैत्रिणीने केवळ त्यामुळे मध्येच सोडले.

पालक, यावल तालुका

माझी मुलगी इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चटई उत्पादकांना विचारायचे आहे, की आपल्याकडे मुलींना उमेदवारीला घेतात का, आणि संध्याकाळची पाळी सुटल्यावर एमआयडीसीतून बसस्थानकापर्यंत येण्याची काही सोय आहे का? तिची परीक्षा झाली की लगेच अर्ज करायचा आहे.