केबलच्या मफलरची मागची बाजू

केबलची, म्हणजे वेणीसारखा पीळ दिसणारी वीण मागून ओबडधोबड दिसते म्हणून मफलरला नको, असं काही जण म्हणतात. पहिलं खरं, दुसरं अजिबात पटलं नाही. वेणीचे टाके सगळे सुलट न विणता एक सुलट, एक उलट असे रिबमध्ये विणा. १२ टाक्यांची वेणी असेल तर ६ टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरायचे, पुढचे ६ रिबमध्येच विणायचे, मग सुईवरचे ६. वेणी दोन्ही बाजूंनी उठते!

बाबा खानापूरला पहाटे धुक्यात फिरायला जातात, त्यांना असाच विणून दिला. ते कसाही गुंडाळतात, उलटी बाजू दिसतच नाही. टाके मात्र भरपूर घाला. रिब आणि वेणी दोन्ही वीण आत ओढतात. मी वेणीसकट छोटा तुकडा विणून, मापूनच टाके ठरवले.