मदत हवी आहे : 'स्टार वॉर्स'च्या गोष्टीची रेकॉर्ड

मंडळी, १९७९ सालची ब्यूना व्हिस्टा या रेकॉर्ड कंपनीची 'स्टार वॉर्स' रेकॉर्ड कुणाला आठवते का? सात इंची, ३३⅓ आरपीएम (मिनिटाला फेरे), सोबत २४ पानी चित्रांचं पुस्तक. सिनेमातल्या आर-टू-डी-टू या रोबोचा बीप ऐकू आला की पान उलटायचं! मावशीने अमेरिकेहून पाठवली होती. इंग्रजी धड कळायचं नाही, पण बीप झाला की पान कोण उलटणार यावरून आम्हा भावंडांची मारामारी ठरलेली. पुस्तक मी जिवापाड जपलंय, रेकॉर्ड मात्र कडेला वाकलीय आणि सुई घसरते. ती सपाट करता येईल का? उन्हात तापवायची मला भीती वाटते. पुण्यात रेकॉर्डवरून डिजिटल कॉपी करून देणारं खात्रीचं कुणी असेल तर प्लीज सांगा. भाचीला पुस्तकासकट ऐकवायचीय.