मे महिन्यात बेटावर निघालात? आधी वारा कुठून येतो ते बघा

उतारू_ठाणे
परवा भटक्या_भाऊंनी "मेच्या सुट्टीसाठी ७ बेटं, डोळे झाकून जा" अशी यादी टाकली. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव, फुकेत, श्रीलंका, बाली, मॉरिशस. सातही फोटोंत पाणी एकाच निळ्या रंगाचं. खाली लिहिलंय, "ऊन आहे तिथं समुद्र निळाच." तिथंच दोन ओळींचा प्रतिसाद द्यायला गेलो, पण तो इतका वाढला की वेगळा धागा काढतोय.

डोळे झाकून मी गेलेलो आहे. २०२५ चा मे, १७ तारीख, बायको, दोन पोरं आणि सासूबाई. मोसमी पाऊस एरवी २०-२२ मेच्या सुमारास अंदमानच्या समुद्रात येतो. त्या वर्षी तो १३ मेलाच निकोबार आणि दक्षिण अंदमानाकडे पोचलेला. बुकिंग घेणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "सर, आयलंडचा पाऊस दहा मिनिटांचा असतो." हॅवलॉकला (स्वराज द्वीप म्हणा हवं तर) दोन दिवस खोलीत बसून पत्ते खेळलो. परतीची बोट रद्द, त्यामुळे विमान चुकलं, त्यामुळे नवीन तिकिटं. २४ ला ठाण्यात उतरलो आणि २६ ला पाऊस मुंबईत हजर. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, घरी आला असता की तो दोन दिवसांनी, एवढ्या लांब कशाला भेटायला गेलो?"

तेव्हापासून माझा एकच नियम. बेट नावावरून निवडायचं नाही, महिन्यावरून निवडायचं. मेच्या मध्यापासून नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो. त्याच्या तोंडावर लक्षद्वीप आहे, मालदीव आहे, फुकेत आहे. पण त्याच थायलंडात आखाताच्या बाजूचं को सामुई बऱ्यापैकी कोरडं असतं. श्रीलंकेत तर एकाच बेटावर दोन ऋतू. दक्षिण-पश्चिमेला बेंटोटा, मिरिसाला लाटा आणि पोहू नका सांगणारे लाल बावटे, तर पूर्वेला त्रिंकोमालीत तेव्हाच हंगाम सुरू होतो. बाली आणि मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, त्यांचा कोरडा काळ लागलेला. म्हणजे भाऊंच्या सातांतली दोन धड, एक अर्धं. बाकीची दिवाळीनंतर बघा.

भटक्या_भाऊ
यादी वाचून माझ्यावर धागा निघाला, धन्य झालो. साहेब, एका वर्षी पाऊस लवकर आला म्हणून अंदमान बाद? मी ४ मेला गेलो होतो, थेंब पडला नाही. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याला पाणी अक्षरशः काच. तुमचं नशीब खराब, त्याला यादी काय करणार?

उतारू_ठाणे
४ मे आणि १७ मे यांत फरक आहे, तेच तर म्हणतोय. यादीत "मे" लिहिलंय, "४ मे" नाही.

बाई_सुट्टीवर
दिवाळीनंतर बघा म्हणे! दिवाळीनंतर मी कुठं जाऊ? शाळेत शिकवते. वार्षिक परीक्षा, पेपर, निकाल, मग प्रशिक्षणाचं एक परिपत्रक येतं, की हातात उरतात मेचे तीन आठवडे. त्यात घरातली दोन लग्नं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कुठंही जाता येणाऱ्यांनी आम्हाला वाऱ्याची दिशा शिकवू नये. आणि मेमध्ये तिकिटं दुप्पट होतात ती आमच्याच जिवावर.

हिशेब_चोख
काकू बरोबर बोलल्या. पैशाचं कुणीच बोलत नाहीये. मालदीवच्या रिसॉर्टमध्ये ग्रीन टॅक्स माणशी दिवसाला १२ डॉलर (२०२५ च्या जानेवारीपर्यंत ६ होता). चौघं, पाच रात्री म्हणजे २४० डॉलर, नुसतं तिथं श्वास घेतल्याबद्दल. वर माले ते रिसॉर्ट स्पीडबोट किंवा सी-प्लेन. खोलीचं भाडं बघून हुरळलेले लोक बोटीचं भाडं बघून गप्प होतात. माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाऊसात राहिलात तर परवडतं, पण तिथं दारू नाही आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा. आमच्या ग्रुपला पहिली अट जास्त टोचली.

अंदमान_पाच_वेळा
सगळे पाणी, लाटा, टॅक्स. अंदमान म्हणजे काय नुसता बीच आहे का हो? सावरकर १९११ ते १९२१ तिथं होते. मी दर वेळी आधी सेल्युलर जेल, मग बाकी सगळं. पावसात जेल बंद पडत नाही. इमारतीच्या सात भुजांपैकी तीनच उरल्यात, त्या तरी पोरांना दाखवा. पोरं स्कूबाचे फोटो टाकतात आणि जेलला चाळीस मिनिटं देतात, चीड येते.

हिशेब_चोख
काका, विषय सुट्टीचा आहे.

अंदमान_पाच_वेळा
माझ्यासाठी तीच सुट्टी. आणि मला काका म्हणू नका, मी ४१ चा आहे.

मालवणी_बाणा
सगळे लांबच्या समुद्राबद्दल बोलतायत, पण पोहायला जायचं तर वाऱ्याइतकीच भरती-ओहोटी बघायला लागते, ते एकालाही ठाऊक नाही. आमच्याकडे लहान पोरगंही सांगेल. तिथीची पाऊणपट करायची, झाली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवा, ओहोटी. ॲप नको, इंटरनेट नको. आमचो आजो पंचांग बघूनच होडी काढी. बेट कुठलं का असेना, चंद्र एकच आहे.

देवगडची_सून
चंद्र एकच आहे!! हे वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय. त्याची शिक्षाही भोगलीय.

बुद्धपौर्णिमा, अंदमानातलं नील बेट. तिथला तो दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघता येतो, पाणी उतरल्यावर खडकांवरून चालत जायचं. गाडीवाला म्हणाला, साडेतीनला निघू. आमचे हे म्हणाले, त्याला काय कळतंय, पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, भरती सव्वाअकराला, ओहोटी सव्वापाचला. सव्वापाचला पोचलो तर पाणी परत चढत होतं. आणि अंदमानात मेमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो, घड्याळ आपलं असलं तरी आकाश आपलं नाही. अंधारात निसरड्या खडकांवर मी, कडेवर चार वर्षांचं पोर, एक चप्पल समुद्राला दिली. पूल दिसलाच नाही. गाडीवाला किनाऱ्यावर हसत होता.

मालवणी_बाणा
वहिनी, चुकीची तिथी धरली असेल. सकाळी चतुर्दशी असते, दुपारी पौर्णिमा लागते. पंचांग नीट बघायला हवं.

देवगडची_सून
तिथी एकाने चुकली तर पाऊण तासाचा फरक पडेल. इथं दीड तासाचा फरक होता. आणि पंचांग बॅगेत होतं. होय, बॅगेत.

खगोल_खोडकर
पाऊणपट खोटी नाही, पण ती मालवणची आहे. चंद्र डोक्यावर आल्यानंतर भरती किती वेळाने यायची हे प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं, ते समुद्राच्या तळावर, आखातावर, खाडीच्या तोंडावर ठरतं. मुंबईतच पौर्णिमेची भरती सव्वाअकरापेक्षा बाराच्या जवळ असते. आजोबांचं गणित पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या पाण्याकडे बघून बसवलेलं आहे, ते बंगालच्या उपसागरात नेलं की पत्ता चुकणारच.

मालवणी_बाणा
झालं, आले शास्त्रज्ञ. आमच्या लोकांनी शेकडो वर्षं या गणितावर जाळी टाकली, आणि तुम्ही दोन तक्ते बघून खोटं ठरवता?

खगोल_खोडकर
"पाऊणपट खोटी नाही", पहिलंच वाक्य. वाचा की हो.

मालवणी_बाणा
"पण" च्या पुढचंही वाचलं.

बाई_सुट्टीवर
अहो, मी कुठं जाऊ ते सांगता का कुणी?

अंदमान_पाच_वेळा
अंदमान.

उतारू_ठाणे
अंदमान नको! बाई, तुमचे तीन आठवडे नेमके कुठून कुठपर्यंत?

बाई_सुट्टीवर
११ मे ते ३१ मे.

पोर्टलुईसकर
मग इकडे मॉरिशसला या. मी आठ वर्षं इथं नोकरीला आहे. मे म्हणजे इथला उन्हाळा संपलेला, दमट हवा गेलेली, पंचवीसच्या आसपास तापमान. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढायला लागत नाही. आणि वर जी पाऊणपटीवरून मारामारी चाललीय ती इथं होणारच नाही. मॉरिशसला भरती-ओहोटीत अर्ध्या मीटरचा फरक असेल-नसेल. बहुतेक बेटाभोवती प्रवाळाची भिंत, आत उथळ पाणी. एक सांगतो, हॉटेल पश्चिमेला घ्या, फ्लिक-आं-फ्लाकच्या बाजूला. इथल्या हिवाळ्यात, म्हणजे मेपासूनच, आग्नेयेचा वारा पूर्व किनाऱ्याला झोडपतो. फोटोंत पूर्व सुंदर दिसते, पण टोपी हातात धरून चालावं लागतं.

इथल्या मराठी लोकांना जरूर भेटा. ऊसमळ्यांवर मजूर म्हणून आलेल्यांचे पणतू. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. घरी बरेचसे क्रिओल बोलतात, पण आरती मराठीत. माझ्या शेजारच्या आजींनी पहिल्यांदा मला विचारलं, "तुमचा गाव खंयचा?" आणि मला उत्तर सुचेना.

भटक्या_भाऊ
बघा, मॉरिशस माझ्या यादीत होतंच. सातव्या क्रमांकावर.

उतारू_ठाणे
होतं, मालदीवचा फोटो लावून.

भटक्या_भाऊ
...तो फोटो बदलतो. वर "मेचा पहिला आठवडा" असंही घालतो, म्हणजे तुमच्या सासूबाईंना बरं वाटेल. पण लक्षद्वीप काढणार नाही. देशाचं आहे ते.

हिशेब_चोख
देशाचं आहे म्हणून समुद्र मेमध्ये शांत राहतो का? २०२४ च्या जानेवारीत मालदीववर राग काढून सगळे लक्षद्वीप-लक्षद्वीप करत होते. आमच्या ऑफिसात चौदा जणांनी स्टेटस ठेवलं, गेला एक, तोही परवान्याच्या कागदांत महिनाभर अडकून. ३६ बेटं मिळून ३२ चौरस किलोमीटर जमीन, गोडं पाणी आधीच तुटपुंजं. सगळे गेलो तर तिथले लोक पितील काय?

अंदमान_पाच_वेळा
हा मुद्दा मात्र पटला. (बाकीचे नाही.)

बाई_सुट्टीवर
मॉरिशसचं विमान बघितलं. चौघांचं भाडं बघून मुख्याध्यापकांचा पगारही कमी पडेल. त्रिंकोमालीचं कुणी सांगेल का? कोलंबोहून गाडीने लेकरं कंटाळतील का?

उतारू_ठाणे
सहा-सात तास धरा. मध्ये सिगिरियाला मुक्काम टाका, एका दमात जाऊ नका. तिथून पुढे निलावेलीला राहा, समोर पिजन आयलंड आहे, बोटीने थोडंसंच अंतर. सकाळी लवकर जा, नंतर गर्दी आणि ऊन दोन्ही चढतात. आणि प्रवाळावर पाय ठेवू नका, पोरांना आधीच दम देऊन ठेवा.

बाई_सुट्टीवर
हे परवडेल असं वाटतंय. बघते, ह्यांना विचारते. धन्यवाद, आणि सुरुवातीला जरा तोडून बोलले त्याबद्दल... असो.

मालवणी_बाणा
वहिनी, एक विचारू? नील बेटावर पौर्णिमेला पाऊणपटीतून दीड तास वजा केला तर जमेल?

देवगडची_सून
गाडीवाल्याच्या हिशेबाने जमेल.

मालवणी_बाणा
फक्त पौर्णिमेला, की रोज?