कसारा घाटात टेंपरेचरचा काटा लालकडे जातो, इंजिनचा फॅन काढून इलेक्ट्रिक फॅन बसवू का?

भिवंडी_नाशिक_लाईन
नमस्कार मंडळी. माझी १४ फुटी गाडी आहे, टर्बो इंटरकूलर, १२ व्होल्ट, बीएस४. भिवंडीच्या गोडाऊनमधून टाईल्स, हार्डवेअर असा जड माल भरून नाशिकला येतो. सपाट रोडला काटा निम्म्याच्या खालीच असतो, पण कसारा घाट लागला आणि गाडी सेकंड-थर्डला आली की सरकायला लागतो तो इगतपुरी येईपर्यंत लालच्या जवळ, उन्हाळ्यात तर मध्येच साईडला घ्यावी लागते. रिकामी असली की काहीच त्रास नाही. समृद्धीने वर निघता येतं पण माझे काही माल उतरवायचे पॉईंट शहापूर, कसारा साईडला असतात त्यामुळे जुनाच रोड. आता मेकॅनिक म्हणतोय इंजिनवरचा फॅन काढून टाकू, कारचे दोन इलेक्ट्रिक फॅन रेडिएटरला लावू, गाडी थंड राहील, पिकअप वाढेल, डिझेल पण वाचेल. कोणी केलंय का? अल्टरनेटर पुरेल का? आणि घाटात खरंच फरक पडतो का?

खंबाटकी_चढ
भाऊ, घाटासाठी हे करू नका, कळकळीने सांगतो. घाटात नेमकं काय होतं बघा, इंजिन फुल लोडवर असतं आणि गाडी १५-२० च्या स्पीडला, म्हणजे समोरून वारा जवळजवळ नाहीच, सगळी हवा फॅननेच ओढायची. १०० एचपीच्या आसपासचं डिझेल इंजिन फुल लोडला साधारण ४०-५० किलोवॅट उष्णता पाण्यात सोडतं. इंजिनवरचा फॅन मोठा, आरपीएम वाढला की त्याची हवा पण वाढते, आणि त्यासाठी तो इंजिनची काही किलोवॅट पॉवर खातो. स्पीड दुप्पट झाला तर पॉवर आठपट लागते फॅनला, एवढा फरक असतो. कारचा इलेक्ट्रिक फॅन म्हणजे १२ व्होल्ट गुणिले २० अँपिअर, २४० वॅट. दोन लावले तरी ५०० वॅटच्या आतबाहेर. सिग्नलला उभ्या कारला पुष्कळ झालं, पण सहा टन अंगावर घेऊन घाट चढणाऱ्या गाडीला नाही पुरणार.

पिकअप आणि डिझेलचं बोलायचं तर तुमच्या गाडीला बहुतेक व्हिस्कस फॅन असेल, म्हणजे मधला गोल डबा ज्यात सिलिकॉनचं तेल असतं आणि पुढे पत्र्याची छोटी स्प्रिंग. रेडिएटरमधून गरम हवा आली की स्प्रिंग वळते, तेल सुटतं, फॅन पकड घेतो. गार असताना फॅन हलकाच फिरतो, त्यामुळे सपाटीला तो फार पॉवर खातच नाही, मग वाचणार काय?

आधी हा डबाच चेक करा. घाट चढून आल्यावर सुरक्षित जागी थांबवा, इंजिन पूर्ण बंद, चावी काढून खिशात, मग फॅन हाताने फिरवा. गरम असताना चांगला जड लागला पाहिजे, सैल गरगर फिरला किंवा डब्याभोवती तेलाचा ओला चिकट मळ दिसला तर हब (म्हणजे हाच डबा) गेला समजा. बेल्ट पण दाबून बघा, लोडला स्लिप होत असेल तर फॅन आणि वॉटर पंप दोघांचा स्पीड पडतो.

उसाची_वाहतूक_सांगली
वरचं पटलं, पण दादा त्याच्याही आधी रेडिएटर आणि इंटरकूलर (त्याच्या पुढची टर्बोची हवा गार करणारी जाळी) यांच्या मधली फट बघा. आमच्याकडे सीझनला पाचटाचा भुसा त्या फटीत जाऊन गादीच बसते, समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते आणि मागे हवा जायला जागाच नाही. तुमच्याकडे ऊस नसला तरी रस्त्याची धूळ, किडे, डिझेलचा ओघळ मिळून तोच चिखल होतो. इंटरकूलर सोडवून पुढे घ्यायचा आणि पाणी इंजिनकडून बाहेरच्या दिशेने मारायचं, प्रेशर कमी ठेवून, नाहीतर फिन वाकतात आणि नवं दुखणं. शहरातल्या वॉशिंगवाल्याकडे नुसतं समोरून प्रेशर मारलं की घाण अजून आत बसते.

आणि पाणी कसलं टाकता? बोअरचं टाकत असाल तर ट्यूबमध्ये क्षार धरतो. आमच्या भागात तर हमखास. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. झाकण पण बदला, ते फक्त झाकण नाही, ०.९ बारचं झाकण असेल तर आतलं पाणी १०० ला न उकळता १२० च्या जवळ जातं, रबर गेलेलं असलं की घाटात पाणी बाहेर फेकणारच. गरम असताना मात्र उघडू नका, कितीही घाई असली तरी.

एक हात जोडून विनंती, कोणी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व) काढून टाक म्हणालं तर ऐकू नका. इंजिन कायम गार चालतं, ॲव्हरेज पडतो, लायनर घासतात, आणि घाटातला त्रास तिथेच राहतो.

वायरमन_सिडको
मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, माझं मत थोडं वेगळं. शहरात डिलिव्हरी करणारी, दिवसभर ट्रॅफिकमध्ये उभी असणारी छोटी गाडी असेल तर इलेक्ट्रिक फॅन चांगलं काम करतो, कारण आयडलला इंजिनचा फॅन हळू फिरतो आणि हा फुल फिरतो. भाऊंच्या गाडीला पण मूळ फॅन न काढता पुढून एक जादा लावता येईल, पण आधी वरच्या दोघांनी सांगितलेलं सगळं करून मगच, कारण पुढून लावलेला फॅन बंद असताना स्वतःच थोडी हवा अडवतो.

लावायचाच असेल तर नीट लावा. बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज, ४० अँपिअरचा रिले (मोठा करंट सांभाळणारा स्विच), वायर ४ एमएमच्या खाली नको, लांब जात असेल तर ६. फॅन सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट करंट ओढतो त्यामुळे डॅशबोर्डच्या स्विचवरून डायरेक्ट दिलं तर स्विच जळणार आणि केबिनमध्ये धूर. एका रिलेवर दोन फॅन तर नकोच. थर्मोस्टॅट ८२ ला उघडायला लागतो, फॅनचा सेन्सर ९५ च्या आसपास ठेवा, ८० ला ठेवलात तर फॅन कधी बंदच होणार नाही. कंपनीच्या टेंपरेचर सेन्सरच्या वायरला टॅप मारू नका, ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, चुकीचं रीडिंग जातं.

प्लास्टिकच्या टायने रेडिएटरच्या जाळीतून फॅन बांधतात ते तर बघवत नाही, हादऱ्याने घासून ट्यूबला भोक पडतं. पट्टीचा ब्रॅकेट करून घ्या. प्लस-मायनस उलटं लागलं तर फॅन हवा उलटी फेकतो, चालू करून समोर कागद धरा, जाळीला चिकटला पाहिजे.

अल्टरनेटरचं विचारलंत म्हणून सांगतो, ६० अँपिअरचा असेल तर रात्री पावसात हेडलाईट, वायपर, ब्लोअर चालू असताना दोन फॅनचे ४० अँपिअर त्याला झेपत नाहीत, बॅटरी हळूहळू बसत जाते.

भिवंडी_नाशिक_लाईन
सगळ्यांचे मनापासून आभार. काल इगतपुरीला थांबून फॅन फिरवला, एका बोटाने फिरला आणि हबला तेल पण आहे. इंटरकूलर अजून खोललेला नाही, रविवारी दोन्ही कामं एकत्र करतो, इलेक्ट्रिक फॅन नको म्हणून मेकॅनिकला सांगितलं. हब जुन्या बाजारातून घेऊ का नवा?

खंबाटकी_चढ
नवाच घ्या, जुन्यात तेल किती उरलंय ते बाहेरून कळत नाही. फिट करेपर्यंत आडवा ठेवू नका, गाडीत बसतो तसा उभा ठेवा, नाहीतर तेल गळतं. आणि काही गाड्यांना त्याचे आटे उलटे असतात, हातोडा मारण्याआधी खात्री करा. बसवल्यावर तीच टाईल्सची गाडी घेऊन चढा आणि काटा कुठे थांबतो ते इथे टाका. तरीही चढला तर गार इंजिन सुरू करून झाकण उघडं ठेवून रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का बघा, तसं असेल तर हेड गास्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं समजा.