दलदल सोडून दुसरा शब्द नाहीच का?

मुलांच्या एका पुस्तकाचं भाषांतर करतेय. एकाच पानावर मार्श, स्वाम्प, बॉग आणि फेन असे चार प्रकार आलेत आणि डिक्शनरी उघडली की चारही ठिकाणी दलदल! सरकारी कागदात पाणथळ असतं, पण त्यात लोणारचं सरोवरही आलं नि ठाण्याची खाडीही, दोन्ही रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत. तुमच्याकडे काय म्हणतात?

खारेपाटवाला: आमच्या पेण-अलिबागकडे भरतीचं पाणी येतं-जातं, तिवरं (खाऱ्या चिखलातली झाडं) उगवतात ते खाजण. त्याला बांध घालून भात लावला की खार. बांधात उघाडी असते, म्हणजे झडप, भरतीच्या जोराने आपसूक मिटते आणि ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. बांधाला खांड पडली आणि कोणी बुजवली नाही की तिवरं परत आलीच समजा. एकच तुकडा, बांध टिकला तर खार, फुटला तर खाजण.

कृष्णाकाठ: सांगलीकडे चिबड म्हणतात. उसाला पाणी सोडत बसायचं, निचरा नाही, मग जमीन कायम ओली, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. वर पांढरा थर आला की क्षारपड. पण ताई मार्शला चिबड लिहू नका हां, वाचणाऱ्याला ऊस आठवेल 😀

रानवाटा: मार्श म्हणजे गवत-लव्हाळ्यांचं, स्वाम्प झाडांचं. आपल्याकडे गोड्या पाण्याचं स्वाम्प बघायचं तर सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात बांबर्ड्याला जा, रानजायफळाची झाडं चिखलात उभी आणि मुळं गुडघ्यासारखी वाकून वर आलेली. लोकांनी देवराई म्हणून राखलंय ते, नाव पाण्यावरून पडलंच नाही. बॉगमध्ये पावसाच्या पाण्यावर वाढलेलं शेवाळ नीट न कुजता थरावर थर साठतं, ते मुख्यतः थंड मुलखातलं, आपल्या आज्या-पणज्यांनी नाव कशाला ठेवलं असतं? बॉगच ठेवा, खाली एक ओळ समजावून द्या.

प्रश्नकर्ती: ठेवते. पण फेन? पोरं फेस समजतील!

रानवाटा: हाहा खरंय. फेनला पाणी जमिनीतून मिळतं ना, मग उपळ घ्या की. पावसाळ्यात भातखाचरात खालून पाणी वर येतं त्याला उपळ फुटली म्हणतात. 'उपळाची दलदल' कसं वाटतं?

खारेपाटवाला: मला चालेल. आमच्या विहिरीमागे आहे अशी जागा, म्हशी तिथून हलत नाहीत.