ग्न्यूसेन्स ४ बंद पडलं, आता वाचनालयाच्या पीसीवर काय टाकावं?

मंडळी, मदत पाहिजे. सेलूजवळच्या आमच्या गावात वाचनालयाचे दोन जुने डेस्कटॉप आहेत, दोन्हीवर ग्न्यूसेन्स ४.० ही लिनक्स सिस्टीम. पुस्तकांची नोंद अन् वर्गणीचा हिशोब लिब्रेऑफिसात, तिथं तक्रार नाही. पण ही आवृत्ती मे २०१६ ची, डेबियन ७ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली. त्या डेबियनचे सुरक्षा अपडेट मे २०१८ ला थांबले, नंतर ग्न्यूसेन्सचं कामही थंडावलं.

आता ब्राउझरमध्ये बऱ्याच साइट उघडल्या की त्यांचं प्रमाणपत्र (साइट खरी असल्याचा पुरावा) अवैध म्हणायलंय. घड्याळ बरोबर आहे, मदरबोर्डचा सेलही नवा टाकला. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला आलेली पोरं तशीच परत जायलेत.

सगळे म्हणतात उबंटू टाक. पण कर्नलमधले (सिस्टीमच्या गाभ्यातले) बंदिस्त फर्मवेअरसुद्धा, म्हणजे हार्डवेअर चालवणारा पण बघता-बदलता न येणारा कोड, काढून टाकलेली सिस्टीम आम्ही मुद्दाम घेतली होती. त्यापायी वाय-फाय कधी चाललं नाही, मोबाइल यूएसबीनं जोडून नेट घेतो. (ते मात्र जोडलं की चालू!) पूर्ण मुक्त असं दुसरं काय बसेल? इन्स्टॉल ३२-बिट आहे, रॅम २ जीबी.

गोदाकाठ: लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून प्रमाणपत्र घेतलेल्या साइट ज्या मूळ प्रमाणपत्रावर जुन्या मशिनवर चालायच्या, ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. नवं हातानं टाकता येतं, पण टाकू नका. एवढ्या जुन्या ब्राउझरात पोरांचे आधार अन् बँक खात्याचे नंबर भरायचे का?

इन्स्टॉल ३२-बिट म्हणजे प्रोसेसरही तसाच असं नसतं. टर्मिनलात 'lscpu' ही कमांड चालवा, 'op-mode' ची ओळ बघा. ६४-बिट दिसलं तर ट्रिस्क्वेल मिनी टाका. तेही पूर्ण मुक्त लिनक्सच, अन् हलकं. वाय-फायसाठी अ‍ॅथेरॉस एआर९२७१ चिपचा यूएसबी डोंगल बघा, त्याचं फर्मवेअर मुक्त आहे.

धागाकर्ता: बघितलं. एकावर ३२, ६४ दोन्ही लिहिलंय, दुसऱ्यावर नुसतं ३२. त्याचं काय करू? होमचं (आपल्या फाइलींच्या फोल्डरचं) वेगळं पार्टिशनही नाही.

गोदाकाठ: मग आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या अन् दुसऱ्या मशिनवर उघडून बघा, मगच फॉरमॅट. ३२-बिटसाठी पॅराबोला हे मुक्त लिनक्स आहे, पण ते आर्च लिनक्सवरचं, अपडेट सारखे चालू, मधे काही बिघडलं तर गावात निस्तरणार कोण? त्यापेक्षा त्या मशिनचं नेट काढा अन् नुसती पुस्तकांची नोंद ठेवा. फॉर्म ट्रिस्क्वेलवर.

धागाकर्ता: चालतंय. डोंगल परभणीत मिळतो का बघतो.