मदत हवी आहे: ट्रेनिंगला असलेल्या विद्यार्थ्याने नक्की काय काय करायचं? (तातडीचं)

रानजाई
लवकर उत्तर हवंय, सोमवारी परत हजर व्हायचंय. ट्रेनिंगला असताना विद्यार्थ्याला काय काय करायला लावू शकतात? नाही म्हटलं तर चालतं का? ट्रेनिंगच्या वहीवर सही तिथल्या सरांचीच लागते, म्हणून तिथे विचारायची सोय नाही. कॉलेजात विचारलं तर "मिळेल ते शिकून घ्या, पुढे उपयोगी पडतं" एवढंच. कुणाकडे यादी असेल तर टाका. सल्ले नकोत, यादी हवी आहे.

गवतीचहा
नर्सिंग का? माझी भाची जीएनएमला आहे, पहिल्या वर्षी त्यांना फक्त चादरी बदलायला लावल्या. नाही म्हणायचं नाही, चेहरा लक्षात ठेवतात.

रानजाई
नर्सिंग नाही हो. जनावरांचं.

वैद्यबुवा परळकर
पदवीची इंटर्नशिप की पदविका? सरकारी दवाखाना की खाजगी? आणि कोणत्या कामावरून अडलंय? एवढं कळल्याशिवाय यादी कसली देणार?

रानजाई
पदविका, दुसरं वर्ष. दवाखाना सरकारी, गाव सांगणार नाही. सरांकडे दोन दवाखान्यांचा चार्ज आहे, त्यात मीटिंगा, त्यामुळे निम्मे दिवस मी आणि शिपाईकाकाच असतो. काम म्हणजे सगळंच. टेंपरेचर, ड्रेसिंग, कानात बिल्ले मारणं, लसीकरण. आता शिरेतून कॅल्शियम लावण्यावर आलंय. गुरुवारी एका वस्तीवर गाय बसली होती, उठतच नव्हती. सर फोनवर म्हणाले, बाटली घेऊन जा आणि लाव, शीर तर सापडते ना तुला? मी लावली नाही, घाबरले. शेतकरी नको नको ते बोलला. सर म्हणाले, असं केलंस तर वही कोरी राहील.

मनीमाऊ
धाग्यात जनावरांचे डॉक्टर आहेत असं दिसतंय म्हणून विचारते. आमच्या लॅब्राडॉरच्या कानात गोचिडांचा गुच्छ झालाय. रॉकेल लावलं तर चालेल का?

वैद्यबुवा परळकर
मनीमाऊ, रॉकेल अजिबात नको, कातडी भाजून निघेल. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.
रानजाई, लावली नाहीस ते बरोबर केलंस. कारण लिहितो, पण आधी सांग, गाय व्यायली कधी होती? कास कशी होती? कान गार होते का?

रानजाई
व्यायली दोन दिवसांपूर्वी. कान बघितले नाहीत. कास मोठी होती, व्यायलेल्या गाईची असते तशी. मला गाईचं नाही विचारायचंय हो, गाय उठली नंतर, सर संध्याकाळी जाऊन लावून आले. मला माझं विचारायचंय.

गोठेवाला
मी बोलतो शेतकऱ्याच्या बाजूने, कुणाला राग आला तर येऊ द्या. माझ्याकडे अकरा गाई आहेत. रात्री दोनला गाय बसली की परळचा डॉक्टर येत नाही, डॉक्टरीण येत नाही, येतो तो आमचा पदविकावाला पोरगाच. दहा वर्षांत त्याच्या हातून एक गाय दगावली नाही. इथे बसून कायदा सांगणाऱ्यांनी एकदा पहाटे गोठ्यात यावं. दुधाला भाव मिळत नाही, त्यात गाय गेली तर लाख रुपये गेले. मुलीने लावायला पाहिजे होती.

दावणीचा माणूस
गोठेवाले, शंभर टक्के. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. आम्हाला कुणी यादी दिली नव्हती. सायकलवर बर्डिझो, म्हणजे खच्चीकरणाचा चिमटा, अडकवून बारा-बारा गावं केली. व्यायलेल्या गाईची वार अडकली तर कोपरापर्यंत हात घालून काढायचो, हातमोजे कुठले, खोबरेल तेल लावलं की झालं. फऱ्या, घटसर्प, लाळ्या-खुरकूत, एका दिवसात दोनशे जनावरं टोचली आहेत. बाळा, भीती हातानेच जाते. शीर अंगठ्याने दाबून धर, फुगली की सुई वरच्या दिशेला. दोन गाई लावल्यास की तिसरी डोळे मिटून लावशील.

वैद्यबुवा परळकर
आजोबा, तुमच्या अनुभवाला नमस्कार, पण दोन गोष्टी तुम्ही एकात घालताय. शीर सापडणं हे हाताचं काम, ते कुणालाही येतं. गाय का बसली हे ठरवणं वेगळं. व्यायल्यावर तीन दिवसांत बसलेली, कान गार, मान एका कुशीवर टाकलेली, ताप उतरलेला, तर बहुधा दुग्धज्वर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं. पण त्याच दोन दिवसांत जबर दगडी, म्हणजे कासेचा आजार, होऊन विष अंगात भिनलेली गायही अशीच बसते. तिला शिरेतून झपाट्याने कॅल्शियम सोडलं तर सुई मानेत असतानाच हृदय थांबू शकतं. खऱ्या दुग्धज्वरातही ४५० मिलीची बाटली कोमट करून दहा-पंधरा मिनिटं घ्यायची, एक माणूस छातीवर स्टेथोस्कोप लावून, ठोके चुकायला लागले की हात थांबवायचा. तिथे एकटी मुलगी, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात मोरकी. स्टेथोस्कोप काय शेतकऱ्याने धरायचा?
म्हणून कास विचारली होती. चारही सड पिळून दूध पाहिलं होतंस का? पातळ, पिवळं पाणी आलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

दावणीचा माणूस
डॉक्टर लोकांचं हेच. काम आमच्याकडून, सही तुमची. गाय उठली तर साहेबांनी उठवली, मेली तर पर्यवेक्षकाने मारली.

वैद्यबुवा परळकर
हे मात्र खरं आहे. वाद घालत नाही.

कलमबहाद्दर
यादी मागितली आहे म्हणून लिहितो, उगाच गायी-बैलांत शिरत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४, कलम ३०. नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कुणालाही पशुवैद्यकी करता येत नाही. त्याला एक परंतुक, म्हणजे अपवाद, आहे. पर्यवेक्षक, स्टॉकमन वगैरे पदविका किंवा प्रमाणपत्र 'धारण करणाऱ्या' व्यक्तीला राज्य शासन आदेशाने किरकोळ पशुवैद्यकीय सेवांची परवानगी देऊ शकतं, आणि तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशानुसार. किरकोळ म्हणजे प्राथमिक उपचार: लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, आणि शासन राजपत्रात अधिसूचना काढून जोडेल ते. महाराष्ट्राची अधिसूचना २००९ ची आहे, दवाखान्यात प्रत मागा. आरोग्य दाखल्यावर सही करायचा अधिकार याच कलमात नोंदणीकृताकडेच ठेवलाय.
आता मुद्दा. 'धारण करणाऱ्या'. तुमच्या हातात पदविका अजून आलेली नाही. तेव्हा परंतुकात तुम्ही बसतच नाही. तुमची जागा शिकाऊची, सर शेजारी उभे असताना. फोनवर असताना नाही.

गोठेवाला
म्हणजे शिकायचं कधी? पदविका हातात आल्यावर पहिली गाय माझी का?

लेस्टरची सुमा
मी इंग्लंडमध्ये लहान प्राण्यांच्या दवाखान्यात व्हेटर्नरी नर्स आहे, म्हणून राहवलं नाही. इकडे पशुवैद्यकांच्या १९६६ च्या कायद्याला तिसरं परिशिष्ट आहे, सगळे 'शेड्यूल थ्री' म्हणतात. नोंदणी झालेल्या नर्सला व्हेटच्या सांगण्यावरून औषधोपचार करता येतात आणि शरीराच्या पोकळीत न शिरणारी लहानसहान शस्त्रक्रियाही. विद्यार्थिनी नर्सलाही कामं करू देतात, ती शिक्षणाचा भाग म्हणूनच. पण टाके घालायचे असतील तर देखरेख प्रत्यक्ष, सतत आणि वैयक्तिक लागते. म्हणजे व्हेट त्याच खोलीत, लक्ष माझ्या हातावर. मी पहिल्यांदा मांजरीच्या पायाला टाके घातले तेव्हा आमची व्हेट चहाचा कपसुद्धा खाली ठेवून उभी होती. आणि साधी सहायक असेल, शिकाऊ नर्स म्हणून नाव घातलेलं नसेल, तर तिला यातलं काहीही नाही.
गोठेवाले दादांचं उत्तर बहुतेक यात आहे. शिकायचं, पण बघणारा माणूस हजर हवा.

गवतीचहा
लेस्टरला गुजराती फार आहेत ना? आमच्या शेजारच्यांचा मुलगा तिथेच आहे.

लेस्टरची सुमा
हो, खूप. ढोकळा पुण्यापेक्षा चांगला मिळतो. :)

रानजाई
लेस्टर राहू द्या हो. कायद्याचं कळलं, थँक्यू. पण सरांना कलम ३० सांगितलं तर माझी वही गेलीच. कुणीतरी साध्या भाषेत सांगा, हे कर, हे करू नकोस. लसीकरण आणि ड्रेसिंग तर कायद्यातच आहे म्हणता, म्हणजे ते मी एकटीने केलं तर ठीक ना? ते मला येतं. मंगळवारी चाळीस कालवडी एकटीने केल्या. एक उसळली तेव्हा सुई माझ्याच बोटात गेली तेवढं सोडलं तर काही झालं नाही.

वैद्यबुवा परळकर
थांब. कालवडी? फक्त कालवडीच? वय काय होतं? लस कोणती?

रानजाई
चार ते आठ महिन्यांच्या. ती एकदाच देतात ती. पण मी विचारलं काय आणि तुम्ही विचारताय काय.

वैद्यबुवा परळकर
ब्रुसेला. कुपीवर एस-१९ लिहिलेलं असेल. बाई, ती मेलेली लस नाही, जिवंत जंतूंची आहे, आणि तो जंतू माणसाला लागतो. सुई नुसती टोचली की पिचकारीचा दट्ट्याही दाबला गेला? लस भरलेली होती का? हातमोजे, चष्मा होता? धुतलंस कधी, कशाने?

रानजाई
भरलेली होती. थोडी आत गेली असेल, बोट ठणकत होतं. हातमोजे दोनच जोड होते, फाटले. हौदावर हात धुतला, साबण नव्हता. चष्मा कोण घालतं गावात? आता बोट बरं आहे, थोडं लाल आहे.

वैद्यबुवा परळकर
आता यादी-बिदी बाजूला ठेव. आज शनिवार, म्हणजे चार दिवस गेले. उद्याची वाट न बघता ग्रामीण रुग्णालयात जा. "जनावरांची सुई लागली" एवढंच सांगू नकोस, टीटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. "ब्रुसेला एस-१९ ही जिवंत लस बोटात गेली, मंगळवारी" असं सांग. कुपीचा फोटो किंवा रिकामी कुपी घेऊन जा. आजचं रक्त घेऊन ठेवायला सांग, म्हणजे पुढच्या तपासणीशी ताडता येतं. अशा वेळी सहसा डॉक्सीसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन तीन आठवडे देतात, पण ते डॉक्टरच ठरवतील, मेडिकलमधून आणून स्वतः सुरू करू नकोस. दिवस गेलेले असतील किंवा दुसरी काही औषधं चालू असतील तर तेही सांग. पुढचे काही महिने संध्याकाळी चढणारा ताप, रात्री घामाने अंथरूण भिजणं, कंबर-सांधे दुखणं, असं काही झालं तर अंगावर काढायचं नाही. खेड्यात ताप म्हटलं की विडाल, म्हणजे टायफॉईडची रक्ततपासणी, करतात आणि टायफॉईडवर पाठवतात. त्यात ब्रुसेला सापडत नाही. त्याची ॲग्लुटिनेशन तपासणी वेगळी मागावी लागते.
आजोबा, वार काढताना बिनहातमोज्याचा हात घालू नका असं शिकवतात ते याच जंतूसाठी. गाभडलेल्या गाईच्या वारेत तो ठासून भरलेला असतो.

कलमबहाद्दर
दवाखान्याच्या नोंदवहीत अपघाताची नोंद करून घ्या. तारीख, कुपीचा बॅच नंबर, साक्षीदार शिपाई.

गोठेवाला
ताई, आधी दवाखाना गाठ. कॅल्शियमचं मघाशी बोललो ते राहू दे.

रानजाई
जाते. भाऊ गाडी काढतोय. घरी सांगितलं नव्हतं.

मनीमाऊ
बापरे. कळव गं.

रानजाई (सोमवार)
ग्रामीण रुग्णालयातल्या मॅडमनी ही लस कधी ऐकली नव्हती. कुपीचा फोटो दाखवला तर त्यांनी स्वतः फोन करून जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. रक्त घेतलं, गोळ्या चालू केल्या. लघवी लाल होते म्हणून आधी घाबरले, मग कळलं गोळीमुळेच. आज सरांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते गप्प बसले आणि म्हणाले, चष्म्याचा डबा कपाटात वरच्या खणात आहे, तुला कुणी सांगितलंच नाही का? नोंद करायची म्हटल्यावर मात्र "बघू" म्हणाले. कॅल्शियमचा विषय निघाला नाही.
वैद्यबुवा, यादी अजून राहिली आहे.

वैद्यबुवा परळकर
नोंद होईपर्यंत रोज विचार, सौम्यपणे. शिपाईकाकांनाही सांगून ठेव.
यादी माझ्या मते अशी. जनावर धरणं, खोड्यात घेणं, ताप-नाडी-रवंथ बघून लिहिणं, जखम धुऊन पट्टी, बिल्ला, नोंदी, लसीची पेटी २ ते ८ अंशांत सांभाळणं: हे एकटीने कर, आणि मन लावून कर, कारण निम्मं निदान तिथेच होतं. लस टोचणं, स्नायूतलं इंजेक्शन, रक्ताचा नमुना, बर्डिझो: सर गोठ्यात हजर असताना. ब्रुसेलाची लस तर हातमोजे-चष्मा अंगावर चढवल्याशिवाय उघडायचीच नाही. शिरेतलं कॅल्शियम, भूल, अडलेल्या गाईत हात, औषध काय द्यायचं ते ठरवणं, दाखला: नाही. "सर, तुम्ही लावा, मी छातीला स्टेथोस्कोप लावते" असं म्हण. त्याला कुठलेही सर नाही म्हणत नाहीत, आणि शिकायलाही तिथेच मिळतं.

दावणीचा माणूस
दट्ट्यावर बोट ठेवून कालवडीकडे जायचं नाही. सुई आत गेल्यावर बोट दट्ट्यावर. हे मी तरी सांगायला हवं होतं.
वैद्यबुवा, एक विचारायचं होतं. नोकरीत असताना मला तीनदा टायफॉईड झाला, प्रत्येक वेळी विडालवर. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. तेव्हापासून कंबर धरली आहे ती आजतागायत. ती दुसरी तपासणी कुठली म्हणालात? नाव नीट लिहून द्या, उद्या मुलाला दाखवतो.